इंग्रजी वाक्याची ठेवण

चिंचणी, तारापूर व वाणगांव या बाजूचे पुष्कळ तरुण बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातात. त्यांपैकीं अनेकांस इंग्रजी अक्षरें वाचतां येतात व सुट्या शब्दांचे अर्थही ठाऊक असतात. तरी सबंध वाक्य पुढें आलें म्हणजे घोटाळा होतो, आणि तो घोटाळा परीक्षेंतील गुण कमी होण्यापुरताच असतो असें नाहीं. समजा, कारखान्यांतील एका खोलीच्या दारावर अशी सूचना लाविली आहे : "डू नॉट ओपन द डोअर अन्टिल द लाइट इज ग्रीन." वाचणाऱ्यास 'अन्टिल' म्हणजे 'पर्यंत' हें ठाऊक आहे. तो शब्दाला शब्द जोडतो आणि म्हणतो, "दिवा हिरवा आहे तोंपर्यंत दार उघडूं नका." म्हणजे दिवा तांबडा झाला कीं उघडावें! सूचनेचा अर्थ याच्या अगदीं उलट आहे : "दिवा हिरवा होत नाहीं तोंपर्यंत दार उघडूं नका." मराठींत जेथें 'नाहीं' हा शब्द घालावा लागतो, तेथें इंग्रजींत तो 'अन्टिल'च्या पोटांतच असतो. शब्द सगळे ओळखीचे असून माणूस भलत्या वेळीं दार उघडतो, तो केवळ वाक्याची ठेवण न कळल्यामुळें.

म्हणून, वाचकहो, आज शब्दांचें पाठांतर बाजूस ठेवूं आणि ठेवणीकडेच लक्ष देऊं.

पहिली गोष्ट ही कीं, इंग्रजींत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय होय. मराठींत "कुत्र्यानें मुलाला पाहिलें" असें म्हणा, "मुलाला कुत्र्यानें पाहिलें" असें म्हणा, किंवा क्रियापद अगदीं आरंभीं आणा. पाहणारा तो कुत्राच. 'नें' आणि 'ला' हे प्रत्यय कर्त्याला व कर्माला चिकटलेले असल्यामुळें शब्द कोठेंही बसला तरी ओळखूं येतो. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहींत. "द डॉग सॉ द बॉय" म्हणजे कुत्र्यानें मुलाला पाहिलें. "द बॉय सॉ द डॉग" म्हणजे मुलानें कुत्र्याला पाहिलें. शब्द तेच, जागा बदलतांच अर्थ उलटला. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते हळूहळू झिजत गेले, आणि जसजसे ते झिजले तसतसा शब्दांचा क्रम घट्ट होत गेला : आधीं कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. जुन्या विभक्तींचे अवशेष सर्वनामांत अजून दिसतात. 'ही' म्हणजे तो, 'हिम' म्हणजे त्याला. येथें नवशिक्याला एक गमतीचा फांस आहे. आपला 'मी' तो इंग्रजांचा 'आय'. आणि त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला'!

दुसरी गोष्ट क्रियापदाची. "मी उद्यां सकाळच्या गाडीनें डहाणूस बहिणीकडे जाणार" इतकें ऐकूनही ऐकणारा थांबून राहतो, कारण पुढें 'आहें' येतें कीं 'नाहीं' येतें यावर सारें अवलंबून. इंग्रजीला ही वाट पाहणें मान्य नाहीं. "आय शॅल नॉट गो" असा निकाल ती आरंभींच देऊन टाकते. मग बहीण, डहाणू, गाडी व सकाळ हीं मागाहून येतात. यावरून एक उपाय सुचतो. इंग्रजी वाक्य करावयाचें असेल तेव्हां मराठी वाक्याचें शेपूट आधीं धरावें व तें कर्त्याच्या शेजारीं नेऊन बसवावें. आणि इंग्रजी वाचतांना पहिल्यानें क्रियापद शोधावें. आमच्या मतें हा एक उपाय दहा नियमांहून अधिक कामाचा आहे.

तिसरी अडचण अशी कीं, आपलें क्रियापद भूतकाळांत कर्माच्या मागें जातें. मीं आंबा खाल्ला, मीं भाकर खाल्ली, मीं आंबे खाल्ले. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं "आय एट" एवढेंच. आपला 'नें' कांहीं केल्या सुटत नाहीं म्हणून कित्येक विद्यार्थी "बाय मी" असें लिहितात, तें चूक. त्याचप्रमाणें 'मला'नें आरंभ होणारीं वाक्यें पाहा. "मला भूक लागली आहे" याचें "आय ॲम हंग्री", "मला दोन भाऊ आहेत" याचें "आय हॅव टू ब्रदर्स", आणि "मला मराठी येतें" याचें "आय नो मराठी" असें होतें. मराठींत ज्याच्याकडे भूक, भाऊ किंवा विद्या येते, तोच इंग्रजींत कर्ता होऊन पुढें उभा राहतो.

शब्दयोगी अव्ययांविषयीं फार सांगावयास नको. आपण 'टेबलावर' म्हणतों, ते "ऑन द टेबल" म्हणतात; आपलें मागें, त्यांचें पुढें. 'अ' आणि 'द' हीं उपपदें मात्र जन्मभर छळतात, कारण मराठींत तशी वस्तुच नाहीं. साधारण नियम असा : ऐकणाऱ्यास वस्तु नवी असेल तर 'अ', ओळखीची झाली असेल तर 'द'. "अ बोट केम टु द शोअर. द बोट वॉज एम्प्टी." पहिल्या वाक्यांत कोणती तरी एक होडी आली, दुसऱ्यांत तीच होडी रिकामी निघाली. 'अ'चें 'ॲन' होतें तें उच्चारावरून, अक्षरावरून नव्हे, म्हणून "ॲन अवर", पण "अ युनिव्हर्सिटी."

प्रश्न व नकार यांत 'डू' हें साहाय्यक क्रियापद येतें. "ही वेन्ट" म्हणजे तो गेला. "ही डिड नॉट गो" म्हणजे तो गेला नाहीं. भूतकाळाचें ओझें 'डिड'नें उचललें, म्हणून 'गो' मोकळें राहिलें. "डिड नॉट वेन्ट" म्हणणें म्हणजे एकच ओझें दोघांच्या डोक्यावर देणें होय.

दोन्ही भाषा शेजारीं ठेवून शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. विल्यम केरी यांनीं मराठीचें व्याकरण इंग्रजींत लिहून १८०५ सालीं प्रसिद्ध केलें. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत निघालें, तेव्हां त्याच्या पानांत एका स्तंभांत इंग्रजी व दुसऱ्यांत मराठी असे. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालचें. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तींत मराठीचें इंग्रजी आणि इंग्रजीचें मराठी अशी दोन्हीकडून घासाघीस करून घेतलेली आहे. इ. स. २००० पासून महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवूं लागले. तरी ती घासाघीस अजून दुसऱ्या कशानेंही भरून येत नाहीं असें आम्हांस वाटतें.

खुद्द चिंचणींत सांपडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटाची या ठिकाणीं आठवण होते. तो शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा असून संस्कृतांत आहे. त्यांत संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरबी वंशाच्या, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्याचें नांव मुहम्मद. पण ताम्रपटांत तें 'मधुमति' असें झालें आहे. परक्या घरीं गेलेला शब्द त्या घरचा पोषाख घालतो. आपणही 'स्टेशनावर' व 'डॉक्टरांना' असें म्हणून इंग्रजी शब्दांस मराठी प्रत्यय लावितोंच. मग आपले विचार इंग्रजींत नेतांना तेथील चाल पाळावयास कां लाजावें?

सभेंत इंग्रजी भाषणाचा अर्थ सांगणाऱ्या उपदेशकांनीं दोन सर्वनामें विशेष जपावीं. 'वी' म्हणजे 'आम्ही' कीं 'आपण' हें इंग्रजी सांगत नाहीं. "आम्ही शाळा बांधणार आहों" असें म्हटलें तर ऐकणारा घरीं बसेल. "आपण बांधणार आहों" म्हटलें तर त्यानेंही हात लाविला पाहिजे. बोलणाऱ्याच्या मनांत काय आहे तें आधीं विचारून घ्यावें. दुसरें 'यू'. तू, तुम्ही, आपण या सर्वांस आतां हाच एक शब्द; आणि एकाच माणसाशीं बोलतांनाही "यू आर" असें अनेकवचनच येतें, जसें आपण वडिलांस "तुम्ही आहां" म्हणतों. पूर्वीं एकवचनासाठीं 'दाउ' होता. १६११ च्या इंग्रजी बायबलांत देवाला 'दाउ' म्हटलें आहे. तो शब्द आज भारदस्त वाटतो, परंतु मुळांत तो आपल्या प्रार्थनेंतील 'तू'च आहे.

आणखी एक जोडी जिवाशीं गांठ घालणारी आहे. "यू मस्ट नॉट टच इट" म्हणजे त्यास हात लावतां कामा नये. "यू नीड नॉट टच इट" म्हणजे हात लावण्याची गरज नाहीं. लाविला तरी अपराध नाहीं. औषधाच्या बाटलीवर किंवा यंत्रावर पहिलें वाक्य असतांना दुसऱ्याचा अर्थ घेणें बरें नव्हे.

अभ्यासासाठीं पुढील वाक्यांचें इंग्रजी करून पाहावें, आणि तोंवर खालचीं उत्तरें हातानें झांकावीं. पाऊस थांबत नाहीं तोंपर्यंत आम्ही बाहेर जाणार नाहीं. माझ्या भावाला तीन मुली आहेत. ती बाजारास गेली नाहीं. तुम्हीं पैसे देण्याची गरज नाहीं.

उत्तरें : "वी शॅल नॉट गो आउट अन्टिल द रेन स्टॉप्स." "माय ब्रदर हॅज थ्री डॉटर्स." "शी डिड नॉट गो टु द मार्केट." "यू नीड नॉट पे." पहिल्या वाक्यांत ज्यांनीं "अन्टिल द रेन डज नॉट स्टॉप" असें लिहिलें असेल, त्यांनीं दारावरील हिरव्या दिव्याची सूचना पुन्हां एकदां वाचावी.