आधी शाळा, मग घर

अब्बांना ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात नोकरी मिळाली. सगळे तिकडे गेले. आता घर शोधायचे होते.

अब्बा म्हणाले, "माझ्या कचेरीजवळच घर घेऊ."

अम्मी म्हणाली, "इथे सरकारी शाळेत प्रवेश राहत्या पत्त्यावरून मिळतो. आधी शाळा पाहू, मग घर."

सगळे ऑबर्न या उपनगरात गेले. तेथे मोठी बाग होती. १९९९ साली उघडलेली गॅलिपोली मशीद होती. पण मोटारी पाहून छोटा इमरान घाबरला. अम्मी त्याचा हात धरून शाळेपर्यंत चालत गेली. ती म्हणाली, "शाळेच्या वेळेत इथे मोटारी ताशी ४० किलोमीटरपेक्षा वेगाने चालवता येत नाहीत." इमरानची भीती गेली.

"अब्बा, तुमची कचेरी लांब पडेल," सलमा म्हणाली.

"पडू दे. मी आगगाडीने जाईन. तुमची शाळा जवळ हवी."

प्रश्न : अम्मीने आधी शाळा का पाहिली?