जहाल कोण, मवाळ कोण?

सई : मावशी, टिळक जहाल, गोखले मवाळ, हे शाळेपासून पाठ आहे. पण परवा एका पुढाऱ्याला जहाल म्हटलं, ते त्याच्या तावातावाने बोलण्यावरून. जहाल म्हणजे तापट का गं?

मावशी : छे! ‘जहाल विष’ म्हणतो ना आपण, म्हणून तसं वाटतं. राजकारणात हे शब्द रूढ झाले ते मार्गावरून. अर्ज-विनंत्या करून, कौन्सिलात बोलून सरकारचं मन वळवायचं, हा मवाळांचा मार्ग. त्यांना नेमस्तही म्हणत. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि अर्जांवरचा अनेकांचा विश्वासच उडाला. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण हा जहालांचा रस्ता. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली ती याच भांडणात. मांडवातून भिरकावलेला एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांवर आदळला!

सई : म्हणजे मवाळ जरा भित्रेच.

मावशी : असं म्हणू नकोस. १९११ मध्ये गोखल्यांनी कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते मतदानाला आलं, तेव्हा ते फेटाळलं जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते शेवटपर्यंत लढले. मवाळपणा पद्धतीत होता, निष्ठेत नव्हता.

सई : आणि टिळक मात्र सगळ्याच बाबतीत जहाल?

मावशी : इथेच तर गोम आहे. १८९१ साली कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, म्हणून टिळकांनी कडाडून विरोध केला. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. त्या दहा वर्षांच्या पोरींकडून पाहिलं, तर मला खरे जहाल आगरकरच वाटतात.

सई : मग हे शब्द वापरायचे तरी कसे?

मावशी : कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या साली, ते सांगून वापर. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात टिळकच म्हणाले होते, की हे शब्द काळाबरोबर बदलतील, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. पुढे १९१९ मध्ये अमृतसरला त्यांनीच प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतली. सरकार जितकं सहकार्य करील, तितकं आपणही करू. पण मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढून आलेल्या माणसाला मवाळ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.