निविदेच्या लिफाफ्यात कराचे कोणते कागद?

प्रश्न : माझी रंगकाम आणि इमारत दुरुस्तीची एकमालकी फर्म आहे. आजवर मोठ्या ठेकेदारांकडून पोटठेके घेतले. आता नगर परिषदेच्या शाळादुरुस्तीची सुमारे १४ लाखांची निविदा स्वतः भरायची आहे. पहिल्या लिफाफ्यात जीएसटी नोंदणी, अलीकडची रिटर्न, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, उलाढालीचा सीएचा दाखला, व्यवसाय कराची नोंदणी आणि ‘शासनाची कोणतीही करथकबाकी नाही’ असे प्रतिज्ञापत्र मागितले आहे. गेले चार महिने काम नसल्याने जीएसटीची रिटर्न भरलेली नाहीत. एका जुन्या वर्षाच्या जीएसटी मागणीविरुद्ध माझे अपीलही चालू आहे. जीएसटी कार्यालयातून ना-देय दाखला आणला तर काम भागेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : भागणार नाही. जीएसटी कायद्यात अशा सर्वसाधारण ना-देय दाखल्याचा ठरलेला नमुनाच नाही. अर्ज केल्यावर एखादा अधिकारी पत्र देईलही, पण निविदा समिती तुमची पारख दुसरीकडे करते. जीएसटी पोर्टलवर तुमचा क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की नाही आणि कोणत्या महिन्याचे रिटर्न कोणत्या तारखेला भरले, हे लॉगिन न करताही कुणालाही दिसते. तुमचे चार रिकामे महिने तिथे आत्ताही दिसत असणार.

म्हणून सगळ्यात आधी ते भरा. काम नसले तरी नोंदणी आहे तोवर निल रिटर्न भरावेच लागते, ही गोष्ट छोट्या ठेकेदारांना कुणी नीट सांगत नाही आणि त्यापायी चांगले कारागीर पहिल्याच लिफाफ्यात बाद होतात, याचे मला फार वाईट वाटते. आधीच्या महिन्याचे जीएसटीआर-३बी हे रिटर्न भरल्याशिवाय पुढच्या महिन्याचे भरता येत नाही, त्यामुळे चारही महिने ओळीने उरकावे लागतील. ३बीच्या निल रिटर्नचे विलंब शुल्क दिवसाला २० रुपये, आणि एका रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये आहे. खर्च थोडा आहे, पण आणखी दिरंगाई महागात पडेल. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. मग ती पुन्हा चालू करून घ्यायला अर्ज, थकलेली सगळी रिटर्न आणि सुनावणी. तोवर निविदेची मुदत टळलेली असेल.

आता आकड्यांकडे वळू. तुमची उलाढाल तीन ठिकाणी दिसते : जीएसटीच्या रिटर्नमध्ये, आयकर विवरणपत्रात आणि सीएच्या दाखल्यात. हे तीन आकडे समोरासमोर ठेवले की फरक लगेच डोळ्यात भरतो. पोटठेक्यांत तो हमखास पडतो, कारण मुख्य ठेकेदार बिल मार्चमध्ये धरतो आणि तुम्ही एप्रिलमध्ये. फरकाला कारण असेल तर सीएकडून एका पानाचा ताळमेळ करून घ्या आणि तो सोबत जोडा. दाखल्यावर यूडीआयएन हा १८ अंकी ओळख क्रमांक आहे ना, तेही पाहा. सीएच्या दाखल्यांवर तो १ फेब्रुवारी २०१९पासून बंधनकारक आहे आणि तो खरा आहे का, हे समितीला ऑनलाइन तपासता येते.

तीन वर्षांपैकी एखाद्या वर्षाचे आयकर विवरणपत्र राहिले असेल, तर अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. तिची मुदत २०२५च्या वित्त कायद्याने ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. मात्र कर आणि व्याजावर जादा रक्कम भरावी लागते : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, पुढे अनुक्रमे ५०, ६० आणि ७० टक्के. परतावा निघत असेल तर हा मार्ग बंद असतो. व्यवसाय कराचे सोपे आहे. मालक म्हणून तुमची स्वतःची वर्षाची २,५०० रुपयांची पीटीईसी ही नोंदणी वेगळी, आणि करपात्र पगाराचे कामगार असतील तर त्यांच्यासाठीची पीटीआरसी ही नोंदणी वेगळी. पुष्कळ जण एकीचे चलन दुसरीच्या जागी लावतात.

सगळ्यात नाजूक भाग प्रतिज्ञापत्राचा आहे. पहिल्या अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरली की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. तरीही पोर्टलवरच्या दायित्व नोंदवहीत ती मागणी दिसू शकते. अशा वेळी ‘काहीही थकबाकी नाही’ या छापील वाक्याखाली मुकाट्याने सही करू नका. आदेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम, अपील दाखल झाल्याची पोच आणि १० टक्के भरल्याचा पुरावा देऊन ‘ही मागणी अपिलात असून वसुली स्थगित आहे’ असे स्पष्ट लिहा. नमुन्यात बदल चालणार नाही अशी अट असेल, तर निविदापूर्व बैठकीत किंवा त्याआधी लेखी प्रश्न विचारा आणि उत्तर शुद्धिपत्रकात मागा. तोंडी ‘चालेल हो’वर विसंबू नका. मागणी उघड केली म्हणून कदाचित एखादी निविदा हातची जाईल. दडवलेली मागणी नंतर सापडली तर बयाणा रक्कम जप्त होऊ शकते आणि फर्मचे नाव काळ्या यादीत जाऊ शकते. मग पुढची कित्येक वर्षे दुसऱ्याच्या नावावर काम करायची पाळी येते. पोटठेक्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाने हा धोका पत्करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : ग्रामपंचायतीचे १० लाखांचे काम पूर्ण केले. बिलातून जीएसटीचे २ टक्के, आयकराचा १ टक्का आणि कामगार उपकर कापला. हे पैसे गेले म्हणायचे का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : पहिले दोन तुमचेच आहेत. कराराची करपूर्व किंमत अडीच लाखांच्या वर असेल, तर शासकीय संस्थेला जीएसटीचे २ टक्के कापावेच लागतात. १० लाखांवर ते २०,००० रुपये होतात. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत ग्रामपंचायतीने जीएसटीआर-७ भरायचा असतो. त्यानंतर तुम्ही पोर्टलवरच्या टीडीएस क्रेडिटच्या फॉर्ममध्ये ती रक्कम स्वीकारली, की ती तुमच्या रोख खात्यात जमा होते आणि कर भरायला वापरता येते. ‘स्वीकारा’ हे बटण न दाबल्यामुळे कित्येकांचे पैसे नुसते पडून असतात. आयकराचे १०,००० रुपये आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक विवरणात दिसले की विवरणपत्र भरताना ते वजा होतात.

कामगार कल्याण उपकराचा १ टक्का मात्र परत येत नाही. पुढच्या वेळी दर काढतानाच तो धरा. आणि २ टक्के पोर्टलवर दिसत नसतील, तर बिलावरचा तुमचा जीएसटी क्रमांक आधी तपासा. तो बरोबर असेल तर बिल क्रमांक, अदा केल्याची तारीख आणि कापलेली रक्कम लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना पत्र द्या, एक प्रत पंचायत समितीच्या लेखा शाखेला द्या आणि दोन्हींची पोच घ्या.