जुने लॅपटॉप व बाह्य हार्ड डिस्क : वीज आणि उष्णता यांचा विचार

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुट्टी असताना, आम्ही संगणक कक्षाच्या कपाटातून एक बाह्य हार्ड डिस्क बाहेर काढली. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी सलग चार वर्षे आसपासच्या गावांतील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या सर्व मुलाखती, वसतिगृहाच्या जुन्या छायाचित्रांसह, या एकाच डिस्कवर होत्या. स्मरणिकेसाठी त्यांतील काही भाग उतरवून घ्यावा, एवढाच हेतू होता. डिस्क कक्षातील जुन्या लॅपटॉपला जोडली. दिवा लागला, आतून टिक्-टिक् असा बारीक आवाज दोन-तीन वेळा आला आणि दिवा विझला. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. हट्टाने आम्ही तो प्रयोग त्या दुपारी वीसेक वेळा तरी केला असेल. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने पाहून सांगितले, “सर, डिस्क गेली. आतला डेटा काढायचा तर मोठ्या शहरात पाठवावी लागेल.” त्याने सांगितलेला खर्च आमच्या संगणक कक्षाच्या वर्षाच्या तरतुदीहून अधिक होता.

वस्तुतः डिस्क गेलेली नव्हती. तिला पुरेशी वीज मिळत नव्हती. हे आमच्या लक्षात आणून दिले ते याच वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि आता विद्युत दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने. तो सुट्टीत भेटीस आला होता. त्याने डिस्क हाती घेतली, तार निरखली आणि विचारले, “सर, ही तार डिस्कसोबतच आलेली आहे का?” ती नव्हती. मूळ आखूड तार कधीतरी हरवली होती आणि तिच्या जागी कोणीतरी बाजारातून लांब, बारीक तार आणून ठेवली होती.

आमचा विषय इतिहास. तथापि या प्रसंगानंतर आम्ही दहावीचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडले आणि त्यातील विद्युतधारेचा पाठ प्रथमच गरजेपोटी वाचला. आमच्या शाळेप्रमाणेच अनेक शाळांतून व घरांतून दुसऱ्याने वापरलेले, दान मिळालेले किंवा दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप आज वापरात आहेत. आमचे विद्यार्थी महाविद्यालयात जातात तेही बहुधा असाच एखादा लॅपटॉप घेऊन. म्हणून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

लॅपटॉपच्या कडेला जी यूएसबीची खाच असते, तिच्यातून माहितीबरोबर वीजही मिळते. ही वीज ५ व्होल्ट विभवांतराची असते. जुन्या, म्हणजे यूएसबी २.० प्रकारच्या खाचेतून नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर विद्युतधारा घेता येते. गुणाकार केला असता ही शक्ती २.५ वॅट होते. त्यानंतरच्या यूएसबी ३.० प्रकारात, जिच्या आतील पट्टी बहुधा निळी असते, ०.९ अँपिअर म्हणजे ४.५ वॅट मिळतात. आता डिस्कची गरज पाहू. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये धातूच्या किंवा काचेच्या थाळ्या असतात आणि त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. एकदा वेग आला की वाचण्या-लिहिण्यासाठी तिला साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी धारा पुरते. परंतु थांबलेल्या थाळ्यांना प्रथम वेग देताना ही मागणी काही सेकंद ०.७ ते १ अँपिअरपर्यंत जाते. भरलेली बैलगाडी जागची हलविताना बैलांना जो जोर लावावा लागतो, तो ती चालू लागल्यावर लागत नाही. तसाच हा प्रकार आहे. जुनी खाच हा जोर पुरवू शकली नाही की थाळ्या अर्धवट वेग घेतात, डिस्क हार मानते आणि पुन्हा प्रयत्न करते. आम्ही ऐकलेली टिक्-टिक् ती हीच होती.

त्यात तारेचा रोध मिळवावा लागतो. १ मीटर लांबीच्या अतिशय बारीक तारेत जाणारी व परतणारी वाट मिळून सुमारे ०.४ ओहम रोध भरतो. ०.९ अँपिअर धारा वाहताना ओहमच्या नियमाने ०.३६ व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि डिस्कपाशी ५ ऐवजी ४.६४ व्होल्ट पोहोचतात. लॅपटॉपची खाच जुनी, सैल झालेली असेल तर तेथे आणखी घट होते. तार अर्ध्या लांबीची घेतली तर हीच घट निम्मी होते. आमच्या माजी विद्यार्थ्याने हा हिशोब कागदावर मांडला नाही. त्याने आपल्या पेटीतील वीतभर लांबीची जाड तार काढून जोडली आणि डिस्क दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.

आखूड तारेनेही काम झाले नसते तर पुढचा उपाय स्वतःचा अॅडॅप्टर असलेल्या यूएसबी हबचा होता. असा हब भिंतीतून वीज घेतो व लॅपटॉपवर भार टाकत नाही. अॅडॅप्टर नसलेला स्वस्त हब मात्र येथे निरुपयोगी आहे, कारण तो एकाच खाचेतील वीज चार जणांत वाटतो. एकाच्या ताटातील भाकरी चौघांनी खावी तसे होते. दोन तोंडांची तारही मिळते, ती दोन खाचांतून वीज एकत्र करते. चालते, पण आम्ही हबच पसंत करतो. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कचा प्रश्न निराळा. तिला १२ व्होल्ट लागतात आणि त्यासाठी तिचा स्वतंत्र अॅडॅप्टर असतोच.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. चांगली आखूड तार, पुरेशी वीज आणि दुसरा संगणक असे सर्व करूनही टिक्-टिक् थांबत नसेल, तर दोष आतील यांत्रिक भागात असण्याचा संभव मोठा. मग मात्र वारंवार सुरू करण्याचा मोह टाळावा आणि आतील मजकूर मोलाचा असेल तर तज्ज्ञाकडेच द्यावी. आम्ही त्या दुपारी केलेला वीस वेळांचा हट्ट कोणीही करू नये.

लॅपटॉपच्या अॅडॅप्टरबाबतही वसतिगृहात एक सवय आम्ही पाहतो. एकाचा अॅडॅप्टर दुसरा घेऊन जातो. टोक बसले म्हणजे चालले अशी समजूत असते. अॅडॅप्टरवर आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. बदली अॅडॅप्टर घेताना व्होल्टचा आकडा मूळ अॅडॅप्टरइतकाच हवा; अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक चालतो, कमी चालत नाही. टोकावरील धन-ऋण खूणही जुळली पाहिजे. ९० वॅटच्या लॅपटॉपला ६५ वॅटचा अॅडॅप्टर लावला तर तो अॅडॅप्टर चटका बसावा इतका तापतो, किंवा लॅपटॉप मंदावतो, किंवा बॅटरी चार्ज होणेच थांबते. विद्यार्थी मग लॅपटॉपला दोष देतात.

आता उष्णतेकडे वळू. तार बदलल्यावर आमची डिस्क सुरू झाली खरी, पण गोष्ट तेथे संपली नाही. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही आणि पत्र्याच्या छपराखालील संगणक कक्षात त्या दुपारी ४२ अंश होते. डिस्कवर सुमारे ३०० जीबी मजकूर होता. जुन्या यूएसबी २.० खाचेतून सेकंदाला साधारण ३० एमबी या वेगाने तो उतरवायचा तर १०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास लागतात. लहान डिस्कच्या प्लास्टिकच्या डबीत पंखा नसतो. आतील उष्णता केवळ डबीच्या पृष्ठभागावाटे बाहेर जाते. सतत काम करणारी डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी अधिक तापते. बहुतेक उत्पादक डिस्क चालविण्याची वरची मर्यादा ६० अंश देतात. हिवाळ्यात खोलीत २२ अंश असतात तेव्हा हा हिशोब ३५च्या आसपास येतो व कोणी त्याची दखलही घेत नाही. मे महिन्यात तीच डिस्क मर्यादेच्या उंबरठ्यावर उभी असते. तासाभरात क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने ५८ अंश दाखविले आणि आम्ही काम थांबविले.

उष्णतेने डिस्क लवकर निकामी होतात, हे विधान आपण सर्वत्र ऐकतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या १,००,००० हून अधिक डिस्कांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजुतीपेक्षा बराच दुर्बळ आढळला. अति उष्णतेचा परिणाम ठळक दिसला तो मुख्यतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कांत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे पुरावा कोठला हे विचारावे. त्या डिस्का संगणक केंद्रांत, खेळत्या हवेत बसविलेल्या होत्या. पत्र्याखालच्या खोलीत बंद डबीत नव्हत्या. तेव्हा ४० अंश दिसताच घाबरू नये, परंतु आमच्यासारख्यांच्या डिस्का जुन्याच असतात हेही विसरू नये.

लॅपटॉपमध्ये उष्णतेची वाट ठरलेली असते. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीने पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि पंखा तिच्यातून हवा फेकतो. पाच-सहा वर्षांत या जाळीवर धुळीचा व तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो. वसतिगृहातील गाद्यांचा कापूस यात मोठा वाटा उचलतो. प्रोसेसर आणि नळी यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्टही वाळून जाते. वाट बंद झाली की प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचून स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र अचानक बंद पडते. त्या वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. साफसफाई जाणत्याकडून करून घ्यावी. ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवावीत, नाहीतर ती भरधाव फिरून पंखाच बिघडतो. एरवी एवढे पाळले तरी पुष्कळ : लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवू नये, त्याच्या मागील कडेखाली दोन लाकडी ठोकळे द्यावेत आणि डिस्क लॅपटॉपवर न ठेवता बाजूला, फरशीच्या तुकड्यावर ठेवावी. आमच्या एका विद्यार्थ्याने तापलेल्या डिस्कवर ओला रुमाल पसरला होता. त्याची कळकळ समजण्यासारखी असली तरी हे कदापि करू नये. कूलरचा थेट झोतही नको, त्यात पाण्याचे तुषार असतात.

बॅटरीविषयी थोडे. लॅपटॉपची बॅटरी ही खरे तर घरातली यूपीएस आहे. ती पूर्ण निकामी झालेला लॅपटॉप केवळ अॅडॅप्टरवर चालतो आणि वीज एक क्षण गेली तरी बंद पडतो. भारनियमनाच्या गावात अशा लॅपटॉपवरून मोलाचा मजकूर उतरवू नये; निदान इन्व्हर्टरवर तरी तो असावा. बॅटरी धड असेल तर ती आधी भरून घ्यावी व मगच काम सुरू करावे, कारण चार्ज होणारी बॅटरी स्वतःही उष्णता निर्माण करते. सदैव १०० टक्के भरलेली व तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते; लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असल्यास ती वापरावी. तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर उचलले गेले, तर ती बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. जाणत्याकडून काढून घ्यावी.

आम्ही उरलेले काम पहाटे केले. चार वाजता खोलीत २९ अंश होते. लॅपटॉपची बॅटरी रात्रीच भरून ठेवली होती, सर्व खिडक्या उघड्या होत्या, आणि दर अर्ध्या तासाने तापमानाची नोंद वहीत घेण्याचे काम सुट्टीतही वसतिगृहात राहिलेल्या दोन मुलांनी आपणहून मागून घेतले. डिस्क ४४ अंशांच्या पुढे गेली नाही. दोन पहाटांत मजकूर उतरला आणि त्याच्या दोन प्रती झाल्या. एक कार्यालयात आहे, दुसरी ग्रंथालयात.

तीन मुलाखती मात्र उघडल्या नाहीत. डिस्कच्या नोंदीत काही सेक्टर वाचता येत नसल्याचे दिसते. त्या तिघांपैकी ज्या आजींनी लहानपणी विहिरीवर पाण्यासाठी दिवसभर ताटकळत उभे राहिल्याचे सांगितले होते, त्या मागच्या हिवाळ्यात वारल्या. त्यांची मुलाखत घेणारी विद्यार्थिनी आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही तिला फोन केला. ध्वनिमुद्रण तिच्या मामाच्या फोनवर झाले होते, त्यातील मेमरी कार्ड घरी असेल, शोधून कळवते, असे ती म्हणाली. कार्ड अद्याप सापडलेले नाही. डिस्क आम्ही पुसलेली नाही. आखूड तारेसह ती कपाटात ठेवली आहे.