विंडोज की लिनक्स? मावशीचे कानमंत्र

बाळा, घाटकोपरला गाळा घेतलास, आता कॉम्प्युटर यायचेत. विंडोज घेऊ की लिनक्स, हे दुकानदाराच्या आधी मावशीला विचारलंस, शहाणा आहेस. किमतीचा कागद जरा बाजूला ठेव आणि हे वाच.

१. आधी कामांची यादी कर, सिस्टीम नंतर ठरव — टॅली विंडोजसाठीच बनतं, आणि तुझ्या सीएला डेटा टॅलीतलाच हवा असणार. हिशेबाच्या टेबलावर मुकाट्याने विंडोज घे.

२. बाकीच्या टेबलांवर मात्र उबुंटू आणि लिबरऑफिस लावून बघ — पत्रं, ईमेल, कोटेशन एवढ्याला ते पुरतं आणि दर मशीनमागे लायसन्सचे पैसे वाचतात. कोरलड्रॉवर हात बसलेल्या मुलाला तेवढं तिकडे ढकलू नकोस.

३. बिलाचा प्रिंटर, हजेरीचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन आधी लावून बघ — लोक इथेच अडतात. उबुंटू पेनड्राइव्हवरून चालू होतं, आतल्या डिस्कला हातही लावावा लागत नाही.

४. ‘फुकट’ या शब्दावर भाळू नकोस — बीकेसीतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने आपले सौदे रेड हॅट लिनक्सवर आणले. त्याचा कोड खुला आहे, पण सपोर्टचे पैसे मोजावे लागतात. कोड फुकट मिळतो, रात्री फोन उचलणारा मिळत नाही. मग मोठ्या कंपन्या खुल्याकडे का जातात? एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून राहायचं नसतं म्हणून. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की फुकटातलं सेंटओएस ८ हे २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीस बंद होईल. लोक चिडले, पण कोड खुला होता, म्हणून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले आणि सर्व्हर तिकडे गेले. बंद सिस्टीमचा मालक असं ठरवतो तेव्हा आपल्याला तो नेईल तिकडेच जावं लागतं. माझ्या मते खुल्या सिस्टीमचं खरं मोल हेच, वाचलेले पैसे नव्हेत.

५. दुरुस्त्या कधी थांबणार ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव — विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे बरीच जुनी मशीनं अडली. अशा मशीनवर उबुंटूची एलटीएस आवृत्ती घाल, पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. तारीख भिंतीवर, तर झोप बिछान्यावर.

६. अपडेट टाळू नकोस — जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प केलं, आणि तो व्हायरस शिरायला वापरत असलेल्या एका फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

७. पण सगळीकडे एकदम अपडेटही करू नकोस — १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बंद पडली आणि आपल्या देशात विमानांचे बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली. जिथे निवड तुझ्या हातात असेल तिथे आधी एक मशीन, मग बाकीची.

८. जोडणारा मुलगा “टाकून देतो, काका” म्हणाला तर त्याला चहा पाज आणि नाही म्हण — चोरीची कॉपी जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

९. मराठी पत्रं युनिकोडमध्येच टाइप करायला लाव — जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की वाचताच येत नाही.

१०. माणसांना शिकायला वेळ दे — पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून आहेत, तेही मोफत.

११. बॅकअपची एक प्रत मुलुंडला घरी ने — २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तुझा गाळा तळमजल्यावर आहे.

मला विचारशील तर हिशेबाला आणि डिझाइनला विंडोज, बाकी सगळीकडे उबुंटू. पण ऑर्डर रविवारनंतरच दे. रविवारी टोकन आणि प्रिंटर घेऊन घरी ये, उबुंटूचा पेनड्राइव्ह मी तयार ठेवते.