स्टेंट बसवलेली मूत्रपिंडाची धमनी पुन्हा अरुंद होते तेव्हा

मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली, की मूत्रपिंड रेनिन हे विकर स्रवून साऱ्या शरीराचा रक्तदाब चढवते; धमनी अरुंद केल्याने रक्तदाब चढतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. अशी धमनी उघडी राहावी म्हणून तिच्यात बसवलेली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, काही रुग्णांत बहुधा पहिल्या वर्षभरातच आतून पुन्हा अरुंद होते, कारण स्टेंट बसवताना फुग्याने ताणलेली भिंत भरून येताना तिच्यातील स्नायुपेशी गरजेपेक्षा अधिक वाढतात.

आटोक्यात असलेला रक्तदाब पुन्हा चढू लागणे आणि मूत्रपिंडाच्या कार्याचा निदर्शक असलेले रक्तातील क्रिएटिनिन वाढत जाणे ही त्याची चिन्हे होत, तर एकाएकी फुप्फुसांत पाणी भरून दम लागल्यास रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे. डॉप्लर सोनोग्राफीत रक्ताचा वेग वाढलेला दिसतो. मात्र स्टेंटने ताठ झालेल्या धमनीत तो मुळातच अधिक असू शकतो, म्हणून आधीच्या अहवालांशी तुलना केल्याविना निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

केवळ चित्रात अरुंदपणा दिसला म्हणून पुन्हा अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी रुंद करणे, योग्य नव्हे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोरल’ चाचणीत, पहिल्याच स्टेंटच्या बाबतीतसुद्धा, उत्तम औषधोपचारांच्या तुलनेत हृदयविकार वा मूत्रपिंडविकार टाळण्यात अधिक लाभ आढळला नाही. रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, मूत्रपिंडाचे कार्य झपाट्याने खालावत असेल किंवा फुप्फुसांत वारंवार पाणी भरत असेल, तेव्हा मात्र पुनरुपचाराचा विचार अवश्य व्हावा. त्यात साधा फुगा, पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेला फुगा, दुसरा स्टेंट आणि क्वचित शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. त्यांतील एकच सर्वांसाठी श्रेष्ठ असल्याचा भक्कम पुरावा नाही.

भारतातील तरुण स्त्रियांत या अरुंदपणाचे एक महत्त्वाचे कारण टाकायासू आजार, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतींचा दाह, हे असते. तो धगधगत असताना केलेली अँजिओप्लास्टी टिकण्याची शक्यता कमी असल्याने, तातडीची गरज नसल्यास, आधी औषधांनी दाह शमवणे हिताचे.

रक्ताची गुठळी रोखणारी ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल ही औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नये, तंबाखू व मिश्री पूर्ण सोडावी आणि वेदनाशामक गोळ्या सल्ल्याविना घेऊ नयेत. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबावरील औषधे सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे, कारण दोन्ही धमन्या किंवा एकुलत्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद असल्यास त्यांनी मूत्रपिंडाचे कार्य एकदम घटू शकते.