परगावी शिकणारा विद्यार्थी : खोली, सुरक्षितता आणि शेजारधर्म



बारावीचा निकाल लागला की जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडील खेड्यापाड्यांतून मुले-मुली उच्च शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे, नागपूर, मुंबई अशा विद्यापीठाच्या शहरांत येतात. थोड्यांना वसतिगृहात जागा मिळते. उरलेले तिघे-चौघे मिळून खोली करतात. संभाजीनगरला विद्यापीठालगतचा बेगमपुरा व पहाडसिंगपुरा किंवा पुण्यातील सदाशिव-नारायण पेठा अशा विद्यार्थ्यांनी भरलेल्या आहेत. प्रवेश कसा घ्यावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण अनोळखी शहरात खोली कशी पाहावी, तेथे सुरक्षित कसे राहावे आणि शेजाऱ्यांशी कसे वागावे, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदवीला बसले आहे, तेथे एखादा अपघात किंवा फसवणूक एवढ्यानेही शिक्षण सुटू शकते. म्हणून हा विषय अभ्यासाइतक्याच गांभीर्याने घेतला पाहिजे.

१. खोली घेताना

भाडे किती, एवढेच विचारून खोली ठरवू नये. खोली एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठनंतर पाहावी. दिवसा गजबजलेली गल्ली रात्री अंधारी व निर्मनुष्य असते. जिन्यात दिवा आहे काय, दाराला आतून भक्कम कडी आहे काय, खिडकीला गज आहेत काय, संडास-न्हाणीघर सामाईक असल्यास त्याची कडी नीट लागते काय, हे स्वतः हाताने तपासावे. आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या राहिलेल्या असतात. म्हणून पहिल्याच दिवशी आपले स्वतःचे कुलूप लावावे.

खोलीचा करार लेखी असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. करार नोंदलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे दिलेल्या रकमेची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. डिपॉझिटची रक्कम, ती परत करण्याची मुदत आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, या तीन गोष्टी कागदावर असल्या की पुढचे बरेच वाद टळतात. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत, म्हणजे नोंद राहते. भिंतीला ओल, फुटलेली काच, तुटलेला नळ असे काही असेल तर राहायला जाण्याच्या दिवशीच फोटो काढून मालकाला पाठवावेत.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत आहे. ती देण्यात विद्यार्थ्याचे नुकसान काहीच नाही. उलट आपण कोण व कोठे राहतो, याची सरकारदरबारी नोंद होते.

२. जात विचारली गेल्यास

आपल्या मुलांना खोली शोधताना आडनावावरून प्रश्न येतात, ही गोष्ट लपवून चालणार नाही. खोली रिकामी असते, भाडे ठरते, आणि नाव सांगितल्यावर ‘पाहुणे येणार आहेत’ असे उत्तर मिळते. अशा वेळी खोटे आडनाव सांगून खोली मिळवू नये. करारावर, ओळखपत्रावर नाव येतेच. शिवाय रोज भीतीने राहण्यात अभ्यासाचे नुकसान होते.

अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्यास कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा घेण्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे. जातीवरून जाहीर अपमान झाल्यास अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ लागू होतो. खोली पाहायला एकट्याने न जाता दोघांनी जावे. काय बोलणे झाले, कोणत्या तारखेला झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. तक्रार करायची की दुसरी खोली पाहायची, हा निर्णय रागाच्या भरात न घेता समाजातील जाणत्या माणसांशी व वकिलाशी बोलून घ्यावा. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण खात्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी पाहून वेळेत अर्ज करावा.

३. गॅस, वीज आणि आग

चोराची भीती सर्वांना असते, पण बंद न्हाणीघरातील गॅस गिझरची कोणाला वाटत नाही. गॅस जळताना हवेतील प्राणवायू संपत जातो आणि ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला डोके जड वाटते, चक्कर येते, मळमळते, आणि कडी उघडायला हात उचलण्यापूर्वीच तो बेशुद्ध होऊ शकतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा. तो आत असेल तर खोली घेण्यापूर्वीच मालकाला सांगावे. तोपर्यंत पाणी बादलीत काढून, गिझर बंद करून, मगच दार लावावे. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे याच कारणाने प्राणघातक आहे. कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळाला की जमिनीलगत साचतो. वास येताच दिव्याचे वा पंख्याचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. गॅसची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर वर्ष छापलेले असते. पाणी तापवण्याची रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय अनेकांना आहे. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्याला हात, हा क्रम कधीही मोडू नये.

अभ्यासिका निवडतानाही बाहेर पडण्याची वाट पाहावी. २४ मे २०१९ रोजी सुरत येथे शिकवणी वर्ग असलेल्या इमारतीला आग लागली. खाली उतरण्याची वाट बंद झाल्याने मुलांनी वरून उड्या टाकल्या. त्या दुर्घटनेत २२ विद्यार्थी गेले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. जागा तळघरात आहे काय, बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे काय, जिन्यात सामान रचले आहे काय, हे तीन प्रश्न फी भरण्यापूर्वी विचारावेत.

४. चोरी आणि फोनवरची फसवणूक

विद्यार्थ्यांच्या खोलीत सोने-नाणे नसते, पण मोबाईल, लॅपटॉप आणि मूळ प्रमाणपत्रे असतात. ‘खालीच चहाला जातोय’ म्हणून दार नुसते ओढून घेणे, चार्जिंगचा फोन खिडकीत ठेवणे आणि किल्ली चपलांच्या खाली ठेवणे, या सवयी चोराचे काम सोपे करतात. शेवटचा माणूस बाहेर पडला की पाच मिनिटांसाठीही कुलूप लावायचे, हा नियम खोलीतील सर्वांनी मिळून करावा. मूळ प्रमाणपत्रे गावी ठेवून शहरात त्यांच्या प्रती वापराव्यात.

मोबाईलवर *#०६# दाबले असता पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास आधी बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत, सिम बंद करावे, पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि शासनाच्या ‘संचार साथी’ सेवेवर हा क्रमांक देऊन फोन निकामी करून घ्यावा.

पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो. शिष्यवृत्ती जमा करतो म्हणून ओटीपी मागणारा माणूस ठग असतो. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचे सांगून कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याची धमकी दिली, तर फोन ठेवून द्यावा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

५. रॅगिंग, छळ आणि तक्रार

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. शिक्षणसंस्थेच्या आवारात वा बाहेर रॅगिंग करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गंमत होती’ हा बचाव चालत नाही. तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. कोणत्याही संकटात ११२ फिरवावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. नोंदवलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

मुलींना रात्री बाहेर पडू नका, एवढाच सल्ला देऊन आपण मोकळे होतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, नोकरी या सर्वांसाठी त्यांना बाहेर पडावेच लागते. म्हणून उशिरा येणाऱ्या मैत्रिणीची वाट पाहणारे कोणीतरी खोलीत असावे, रिक्षाचा क्रमांक तिने कळवावा, आणि कोणी सतत मागे येत असेल तर ही गोष्ट घरी, खोलीत व महाविद्यालयात तिघांनाही माहीत असावी. मुलांनीही हे आपले काम मानावे.

६. शेजारधर्म

वरील सर्व कुलपांपेक्षा मोठे संरक्षण शेजाऱ्याचे असते. ते विकत मिळत नाही, वागणुकीने मिळवावे लागते. राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन आपले नाव, गाव व शिक्षण सांगावे. आजी-आजोबा असतील तर बाजारातून येताना काही आणायचे का, असे विचारावे. ज्या घरी आपल्याला नावाने ओळखतात, त्या घरातले लोक आपल्या बंद दारापाशी अनोळखी माणूस दिसला की त्याला हटकतात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ असून निवासी भागात आवाजाची मर्यादा त्या वेळी ४५ डेसिबल आहे. पण कायद्याचे सोडा. भिंतीपलीकडे पहाटे पाळीला जाणारा कामगार झोपलेला आहे, एवढे आठवले तरी पुरे. वाढदिवसाचा केक रात्री बारा वाजता जिन्यात कापणे, गाडी दुसऱ्याच्या दारात लावणे, कचरा गॅलरीतून खाली टाकणे, सामाईक नळावर बादल्यांची रांग लावणे, यातून भांडणे होतात. त्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या गल्लीत कोणी खोली देत नाही.

शेजारधर्माची खरी कसोटी संकटात लागते. डार्ली व लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून विद्यार्थी ध्वनियंत्रावरून बोलत असताना एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचे ऐकवले गेले. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटले, त्यांपैकी ८५ टक्के झटका चालू असतानाच मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांपैकी फक्त ३१ टक्के उठले. ही माणसे निर्दयी नव्हती. दुसरा कोणीतरी जाईल, असे प्रत्येकाला वाटले. यातून दोन धडे घ्यावेत. किंकाळी ऐकू आली की दुसरा गेला असेल असे न मानता आपण दार उघडावे. आणि स्वतः संकटात असू तर नुसते ‘वाचवा’ न ओरडता एका माणसाकडे बोट दाखवून ‘निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा’ असे सांगावे.

२७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. ती जिवाच्या आकांताने धावत होती. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी पुढे होऊन हल्लेखोराला अडवले व तिचा जीव वाचला. ती मुले तिच्या नात्यागोत्यातली नव्हती. तीही परगावाहून शिकायला आलेली होती. हत्यारापुढे प्रत्येकाने धावून जावे असे कोणी म्हणणार नाही, पण आरडाओरडा करणे, दार उघडून आत घेणे, पोलिसांना कळवणे, एवढे प्रत्येकाला जमते.

पहिल्या आठवड्यातील पाच कामे

(१) स्वतःचे कुलूप लावणे व करार-पावती घेणे. (२) गिझर, गॅसची नळी व विजेची बटणे तपासणे. (३) ११२, १०८, १९०६, १९३० हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस लिहिणे. (४) फोनचा आयएमईआय व रक्तगट वहीत नोंदवणे आणि घरमालकाचा व एका शेजाऱ्याचा क्रमांक गावी आई-वडिलांना देणे. (५) दोन्ही शेजाऱ्यांची ओळख करून घेणे.

समितीच्या सभासदांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे याच शहरांत आहेत. जून महिन्यात गावाकडून नवीन मुले-मुली येतात, तेव्हा आपल्या गल्लीत कोण आले आहे याची चौकशी करावी, सणावाराला जेवायला बोलवावे आणि खोली शोधताना त्यांच्याबरोबर जावे. वडीलधारे माणूस सोबत असले की घरमालकही नीट बोलतो, आणि मुलांनाही या शहरात आपले कोणी आहे असे वाटते.